महादेवापाशी ठेवलेली नावे

२६ ऑगस्ट १९४२, बुधवार. राखी पौर्णिमा.

आबांचा पुढचा दात पडला. पडला म्हणजे पाडला. बाजारात वांग्यांची पाटी मांडून बसलो होतो. शिपाई आला, आबांच्या डोक्यावरची पांढरी टोपी लाठीच्या टोकाने उडवली आणि बुटाखाली चिखलात दाबली. आबा ती उचलायला वाकले तेव्हा लाठीचा बुंधा तोंडावर बसला. रक्त वांग्यांवर पडले. मी जागचा हललो नाही. का हललो नाही ते लिहिणार होतो, पण

आबांनी दात शोधून धोतराच्या सोग्यात बांधला. मग एकेक वांगे पुसले. मी म्हटले, घरी चला. "बाजार उठेपर्यंत बसाचं. आत्ता उठलो त म्हनतीन, बुढा पयाला." एका बाईने विचारले, "बाबा, तोंड लाल काहून?" म्हणाले, "पान खाल्लं, बाई." सगळी वांगी विकली.

घरी टोपी स्वतः धुतली. माय रडली. बाप गेल्यापासून घरात आम्ही तिघेच, म्हणून कोणावर ओरडायचे तर ती सासऱ्यांवर, म्हणजे आबांवरच ओरडते. "आता तरी सोडा हे टोपीचं याड!" आबा म्हणाले, "एकच दात कामाचा व्हता, तो देशाले गेला. बाकीचे हालून राह्यले, त्याईले कोनी घेत नाही."

२९ ऑगस्ट, शनिवार.

मारोती लोहार मळ्यात आला, दोन पोरे घेऊन. मुंबईत पुढारी धरले तेव्हापासून त्याचे डोके तापलेले आहे. म्हणतो, तार तोडू, चावडी पेटवू, पोलीस पाटलाला आत कोंडून पेटवू. हसून बोलत होता, पण खांद्यावरची कुऱ्हाड त्याच दिवशी घडवलेली होती.

आबा मिरची निंदत होते. मान वर न करता म्हणाले, "पाटलाले जाळशीन. मंग पाटलाचं पोरगं तुले जाळीन. मंग गोऱ्याले इथं कामच काय उरलं?"

"मंग काय टोपी धूत बसाचं, बुवा?"

"पोळ्याले झेंडा बैलाच्या शिंगाले बांधाचा. तोरनाखाली मी झडतीचं गानं म्हनीन. मारतीन. मार खाचा."

"अन् हात?"

"हात उचलाचा नाही."

मारोती पोरांकडे पाहून म्हणाला, "बुढ्याचा दात गेला, त्याच्यासंगं अक्कलबी गेली." आबासुद्धा हसले. मग खुरपे खाली ठेवले. "गोरा जाईन रे. त्याची मले फिकीर नाही. तो गेल्यावर ह्या कुऱ्हाडी कोनावर पडतीन, ते सांग."

मारोतीने कुऱ्हाड दुसऱ्या खांद्यावर घेतली. सोमवारी देवळात येतो म्हणाला.

३१ ऑगस्ट, सोमवार.

श्रावणी सोमवार. महादेवाच्या देवळात अकरा जणांनी बेलभंडारा उचलला. यादव गुरव प्रत्येकाच्या हातावर पिंडीवरचे ओले बेलाचे पान आणि चिमूटभर भंडारा ठेवत होता. शपथ अशी: पोळ्याला झेंडा निघेल. मार बसला तरी हात उचलायचा नाही. कोणी कोणाचे नाव सांगायचे नाही. यादव स्वतः अकरावा.

आबांनी मला कागद घेऊन बसवले. मी म्हटले, नावे लिहिणे बरे नव्हे. "तोंडचा सबद हवेवर जाते, पुंड्या. कागद महादेवापाशी राह्यला पायजे. देवापाशी कायचा धोका?" आबांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून कागदावर त्यांची श्रद्धा जास्त आहे.

मला शपथ घेऊ दिली नाही. "लिहिनारा येगळा पायजे. अन् तुह्या मायले दुसरं कोन हाय?" मला बरे वाटले. ते तोंडावर दिसू नये म्हणून मी खाली मान घालून अक्षर फार जपून काढले.

वर 'श्रीमहादेव प्रसन्न'. पहिले नाव आबांचे. सातवे लिहीत असता यादवच्या हातातल्या बेलाचे पाणी कागदावर पडले आणि शाई पसरली. देवापुढे डागाचा कागद कसा ठेवणार? नवा घेतला. अकराही नावे पहिल्यापासून लिहिली, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले. आबा आणि यादव दोघेच तो गाभाऱ्यात घेऊन गेले. कोठे ठेवला ते बाकी कोणाला ठाऊक नाही. डागाचा माझ्या खिशात राहिला.

१ सप्टेंबर, मंगळवार.

डागाचा कागद चुलीत घालणार होतो. मायने हात धरला. तिला वाचता येत नाही, पण 'श्री' ओळखते. "देवाचं नाव जाळते काय, मेल्या?" फाडताही येत नाही, कारण तेच. नदीत सोडावा तर काठाला मांडीभर चिखल.

शेवटी देवळाच्या ओवरीत ठेवून आलो. तेथे टोपले असते. पोथ्यांची फाटकी पाने, फुटक्या तसबिरी असे सगळे गाव त्यात ठेवते आणि गणपतीबरोबर ते नदीत सोडतात. अगदी तळाशी घातला, वरती पाने सारखी केली. व्यवस्थित झाले.

४ सप्टेंबर, शुक्रवार.

पाटलांनी रपोट लिहायला बोलावले. त्यांचे अक्षर कोणाला लागत नाही, म्हणून वर्षभर मीच लिहितो. लिहून झाल्यावर म्हणाले, "तुह्या आज्याले सांग, पोळ्यात बायका-पोरं असतेत. वरतून मानसं येऊन राह्यले, बंदुका घेऊन. मले काई इचारत नाहीत ते."

आबांना सांगितले. "पाटलाले म्हना, तुमीबी या झेंड्याखाली. जागा हाय." हे सांगायला मी गेलो नाही.

झेंडा देवघरात आहे, खंडोबाचा टाक आणि बाळकृष्ण यांच्या मध्ये. त्यालाही रोज हळदकुंकू. पूजेनंतर आबा तीनच गोष्टी मागतात, रोज त्याच क्रमाने, मोठ्याने: "पाऊस दे. पुंड्याले हिंमत दे. अन् ह्या देशाले एकमेकाचं तोंड पाहू दे." मी जवळ असलो तरी दुसरे मागणे हळू म्हणत नाहीत.

९ सप्टेंबर, बुधवार.

खांदशेकणी. आबांनी आमच्या दोन्ही बैलांच्या, मोऱ्याच्या आणि हरण्याच्या, खांद्यांना हळद-तूप चोळले. मोऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मला विचारले, "झडतीचं दुसरं कडवं बरोबर हाय ना रे?" म्हणजे त्यांनाही भीती वाटते. हे मला आजपर्यंत माहीत नव्हते.

१० सप्टेंबर, गुरुवार. पोळा.

जसे झाले तसे क्रमाने लिहितो.

दुपार उतरल्यावर सगळ्या जोड्या मारुतीसमोर तोरणाखाली उभ्या राहिल्या. पहिला पाटलांचा मानाचा बैल. आमच्या मोऱ्याच्या उजव्या शिंगाला झेंडा. ठाणेदार वडाखाली, बरोबर आठ शिपाई, दोघांजवळ बंदुका. ठाणेदार म्हणाला, झेंडा उतरवा. आबांनी टोपी सारखी केली आणि झडती सुरू केली:

मोट हाकली आमी, पाट गेला कुकडे?
घाम गाळला आमी, दाने गेले कुकडे?
दाने गेले दर्यापार, लाठी आली इकडे!
लाठीले डोळे नाही, राजाले कान नाही,
बैला, सांग धन्याले, जू आता पेलत नाही!
हर बोला—

"हर हर महादेव!" सगळा गाव म्हणाला. बायकाही म्हणाल्या. मीही म्हणालो, हे लिहून ठेवतो. तो आवाज संपायच्या आत लाठ्या पडल्या.

लाठी माणसावर पडते तेव्हा ओल्या गोणीवर मारल्यासारखा आवाज होतो. डफवाला खाली पडला, त्याच्या पायावरून बैलजोडी गेली. घागरमाळांचा आवाज एवढा होता की ओरडणे ऐकू येत नव्हते. तोरण तुटले ते मानाचा बैल खालून जायच्या आत तुटले. असे कधी झाले नव्हते.

आबांनी मोऱ्याची वेसण सोडली नाही. एक शिपाई शिंगाचा झेंडा ओढू लागला, मोऱ्याने मान उडवली, शिंग त्याच्या मांडीत गेले. दुसऱ्याने गोळी घातली. मोऱ्याच्या मानेत, कालची हळद होती तेथे. तो आधी पुढच्या गुडघ्यांवर बसला. मग आडवा झाला.

ज्याने गोळी घातली तो माझ्याच वयाचा असेल. कपाळाला गंध होते. त्याने बूट काढला, मोऱ्याच्या खुराला हात लावला, तो हात कपाळाला लावला. ठाणेदाराने सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली दिली. आबांच्या डोक्यातून रक्त डोळ्यात येत होते, तरी त्यांनी ते पाहिले. मला म्हणाले, "पाह्य. याच्या घरीबी आज पुरन शिजलं असंन."

तेवढ्यात मारोती. दोन्ही हातांनी दगड उचललेला, ठाणेदाराच्या पाठीमागे. आबा ओरडले, "मारोती! बेल!" एवढाच शब्द. मारोतीचे हात वरच राहिले. मग दगड बाजूला टाकला आणि ज्वारीत पळाला. ठाणेदाराला कळले नाही की तो कशाने वाचला. वळून त्याने आबांच्या डाव्या कानावर लाठी घातली.

मी? मी हरण्याला धरून भिंतीशी उभा होतो.

११ सप्टेंबर, शुक्रवार.

मळ्यात मोऱ्यासाठी खड्डा खणत होतो. अर्धा झाला होता. कोतवाल आला, सगळ्यांनी चावडीवर चला.

ठाणेदार खुर्चीवर. हातात कागद, उन्हाकडे धरलेला. पाठीमागून माझी अक्षरे उलटी दिसत होती आणि सातव्या ओळीशी निळा डाग, बेलाच्या पानाएवढा.

तो म्हणाला, "तुमच्या महादेवानंच दिला हा." सकाळी आणखी झेंडे शोधायला देवळात गेले होते, हे नंतर कळले.

एकेक नाव वाचायचा. दोघे धरायचे, तिसरा मारायचा. मी नावे शुद्ध लिहिली होती, त्यामुळे त्याला एकदाही अडखळावे लागले नाही. सात नावे. कोणी हात उचलला नाही. एकाने मार खाताना लघवी केली, तर शिपाई हसले. गावातले दोघेही हसले. आबांनी गावातल्या त्या दोघांकडेच पाहिले.

मग: "अक्षर मोत्यासारखं आहे. कोणाचं?"

आबा म्हणाले, "माह्यं."

पुढे दौत-टाक ठेवला. "लिही मग."

आबांनी टाक मुठीत धरला, जसे खुरपे धरतात तसा. कागदावर एक रेघ ओढली. ठाणेदाराने पाटलांना विचारले, तुम्ही गावचे, ओळखा. पाटलांनी कागद जवळ घेऊन पुष्कळ वेळ पाहिला. म्हणाले, "नाही बुवा वळखू येत." माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आबांना खोटे बोलल्याबद्दल वेगळे मारले. मी मोजत होतो. पुढे मोजता आले नाही.

सातही जणांना तालुक्याला नेले. मोऱ्याला मी एकट्याने पुरले. खड्डा उथळच राहिला.

१२ सप्टेंबर, शनिवार.

ही वही मळ्यातल्या खोपीत, मडक्यात. आजपासून कोणाचे नाव पूर्ण लिहिणार नाही. लोहार तो मा. गुरव तो या.

सातव्या नावाशी डाग पडला आणि मी थांबलो, म्हणून सातच गेले. मा.चे नाव आठवे होते. या.चे अकरावे. हे जगात फक्त मला ठाऊक आहे.

मायला सांगावे काय? तिनेच जाळू दिला नाही. सांगितले तर ती मरेल. हे कारण खरे आहे. एकटेच खरे नाही.

१४ सप्टेंबर, सोमवार.

गावात कोणी गणपती बसवला नाही. मा. ज्वारीतून परत आला आहे. अकरांपैकी पकडले न गेलेले आणखी दोघे त्याच्याबरोबर होते. तिघे सकाळी देवळात गेले. मा.ने मला घरून हाताला धरून नेले. "चाल, तुह्या हातचा कागद हाय."

या. पिंडीला पाणी घालत होता.

"कागद कोनी देल्ला?"

"कोनता कागद? तो त इथंच हाय, बापा." तो गाभाऱ्यात वाकला, शाळुंकेजवळची फरशी उचलली आणि कागद आणून दाखवला. कोरडा, स्वच्छ, अकरा नावे. मला वाटले, संपले. आता ते समजतील.

मा. म्हणाला, "मंग ठानेदारानं सपनात वाचला काय? तूच देल्ला, त्यानं सात नावं उतरून घेतले, अन् पुन्हा आनून ठेवला. म्हून तुह्यं नाव नाही त्याच्यात."

या. म्हणाला, "तुह्यंबी नाही."

हे तो बोलायला नको होता. मा.चे तोंड काळे पडले. इतर दोघेही त्याच्याकडे पाहू लागले. त्यानंतर मा.ला थांबता येणार नव्हते, हे मला दिसत होते.

या. माझ्याकडे वळला. "पुंड्या, तू सांग. तुह्याच हातचा कागद हाय ना हा? याले कोनाचं बोट तरी लागलं काय?"

मी म्हणालो, "माझ्याच हातचा आहे."

एवढेच म्हणालो.

त्यांनी या.चा उजवा हात उंबऱ्याच्या दगडावर धरला. पंज्यावर पूजेचा भंडारा होता. मा.ने लोहारशाळेची हातोडी आणली होती. पहिल्या घावाला आवाज आला तो हाडाचा नव्हता, दगडाचा होता, कारण नेम चुकला. दुसरा चुकला नाही. तिसराही. या. ओरडला नाही, "महादेवा, महादेवा," एवढे म्हणत होता. त्याची बायको धावत आली, तिला दोघांनी केस धरून बाहेर ढकलले.

रक्त लागलेला भंडारा उंबऱ्यावर आहे. कोणी पुसलेला नाही.

१५ सप्टेंबर, मंगळवार.

काही नाही. जेवलो नाही. हरण्या एकटा उभा राहतो, जोडीची जागा सोडून.

२० सप्टेंबर, रविवार.

या.च्या घरी वांगी घेऊन गेलो. त्याची बायको दारातच उभी राहिली. "कायले आला? अजून एक हात उरला म्हून?"

आतून तो म्हणाला, "येऊ दे त्याले." वैदूने बांबूच्या कांबी बांधल्या आहेत. दोन बोटे काळी पडली आहेत, वास येतो. विचारले काय, तर, "पूजा कोन करून राह्यलं?"

कोणीच नाही, मी म्हटले.

"तू कर. पानी घातलं तरी पुरते. त्याले मंतर लागत नाही, मले लागत होते."

तेव्हा सांगायचे होते. तोंड उघडले. "ताप आहे काय?" असे विचारले.

देवळात जाऊन पाणी घातले. ओवरीत टोपले उलटे पडलेले, पाने विखुरलेली. सगळी गोळा करून पुन्हा नीट रचली. हे मी का केले?

२८ सप्टेंबर, सोमवार.

तालुक्याला जाऊन आबांना भेटलो. भाकर आणि मिरचीचा ठेचा नेला होता. डावा कान गेला. कपाळाला नवी पट्टी. मी विचारले, पुन्हा मारले?

"शिपायानं नाही. आपल्याच लोकाईनं." कोठडीत पंधरा-वीस जण, सगळे झेंड्यासाठी आलेले. पाण्याचे मडके एकच. आधी कोणी हात लावायचा, कोणाच्या हातचे कोणी प्यायचे, यावरून जुंपली. "मी मंधात पडलो. झेंड्यासाठी आत आलो अन् मडक्यासाठी डोकं फुटलं." हसायला गेले, तर ओठ फाटला. मग गजाला कपाळ टेकवून म्हणाले, "पुंड्या, हे मडकं घिऊन कुठं जाचं रे आपून? राज्य आलं तरी मडकं हेच राहीन."

मग विचारले: "या. कसा हाय? कागद त्याच्यापासून त गेला नाही ना?"

"बरा आहे."

"पूजा?"

"चालू आहे."

दुसरे उत्तर खरे होते.

५ ऑक्टोबर, सोमवार.

काल दिवसाढवळ्या या.ची कडब्याची गंजी पेटवली. शेजारी वासरू बांधलेले होते, दोर सोडायला कोणी पोचले नाही. ते ओरडत होते तेव्हा अर्धा गाव ओट्यावर उभा होता. विहिरीवर पोहरा होता. मीही ओट्यावर होतो.

आज पाटलांनी रपोट लिहायला बोलावले. "लिही, आग कशानं लागली ते समजत नाही." लिहिले. वाळू टाकली. पाटील कागद उचलून म्हणाले, "अक्षर मोत्यावानी हाय तुह्यं. म्या तव्हाच वळखलं होतं." मी दौतीचे झाकण लावू लागलो. "भिऊ नको. म्या एकडाव खोटं बोललो, निभलं. तू कितीकडाव बोलशीन, ते तुह्यं तू पाह्य."

डागाचा कागद टोपल्यात मीच ठेवला, हे त्यांना ठाऊक आहे काय? मला वाटते नाही. मला वाटते, हो.

११ ऑक्टोबर, रविवार.

आबा सुटले. बैलगाडीतून उतरवावे लागले. माय ओवाळणार होती, तर म्हणाले, "आंधी देवाले जातो." तेव्हा सांगावे लागले. सांगितले ते मायने. मी खांबाशी उभा.

आबा घरात आलेच नाहीत. तसेच काठी टेकत या.च्या घरी गेले. त्याची उरलेली तीन बोटे हातात घेतली. दोन वैदूने कापली. आबांनी त्या हातावर डोके ठेवले. या. म्हणत होता, "उठा बुवा, उठा," आणि त्याला उठवता येत नव्हते.

"कोनी केलं?"

या.ने मान भिंतीकडे वळवली.

"नावं सांग, बापा."

"बेल उचलला हाय म्या. कोनाचं नाव सांगाचं नाही, हे तुमीच म्हनलं."

"ते गोऱ्यापाशी सांगाचं नाही म्हनलं होतं!"

"मले कुठं माहीत, महादेवाले फरक समजते का नाही ते."

त्याची बायको चुलीपाशी मोठ्याने रडू लागली. आबांनी भिंतीवर मूठ मारली. हात उचललेले आबा मी आज पहिल्यांदा पाहिले. त्यांचे बोट फुटले. मला विचारले नाही की तू तेथे होतास काय. अजून विचारले नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार.

सहा दिवस आबा देवघरात गेले नाहीत. झेंडा शिपायांनी नेला, तरी बाळकृष्ण आणि टाक आहेत, पण नाही. आज मळ्यात मोऱ्याच्या मातीवर बसले. कोल्ह्यांनी एका बाजूने उकरले आहे. मी माती ओढत होतो.

म्हणाले, "म्या कागद लिहाले लावला. मार खानाऱ्याईचा. मार देनाऱ्याईचाबी लिहाले पायजे होता." मग मूठभर माती उकरल्या जागी टाकली. "दसऱ्याले सोनं देन्याच्या आंधी देवळात कागद मांडाचा. ज्यानं या.ले हात लावला त्यानं सोता येऊन नाव घालाचं. ज्यानं पाह्यलं अन् तोंड शिवलं त्यानंबी. तू लिही. मंग तो कागद या.च्या हाती देऊ. फाडीन, जाळीन, ठानेदाराले देईन, त्याची मर्जी."

मी म्हटले, कोणी येणार नाही.

"न आले त समजलं मले, ह्या देशाचं काय होईन ते. आला एखादा, तरी पुरे."

गावात दवंडी नाही, पण कोतवालाने घरोघर सांगितले. मा. घरापुढून गेला. मला म्हणाला, "काय बे कारकून, माह्यं नाव शुद्ध लिहिशीन ना?" हसत नव्हता. हातोडी कमरेला होती. थोडा पुढे जाऊन परत आला. "कागद या.नं देल्ला नसंन त म्या काय केलं, हे तुले समजते का?" उत्तराला थांबला नाही.

१८ ऑक्टोबर, रविवार.

ताव आणला. आखला. शाई नवी कालवली. दुसरे काही सुचत नाही.

मी सांगितले तर मा. मला सोडणार नाही. त्याने या.चा हात माझ्या चुकीपायी मोडला, असे होईल. मी न सांगितले तर या. जन्मभर फितूर राहील आणि आबा मरतील तेव्हा त्यांना वाटत असेल की कागद देवापाशी सुरक्षित नव्हता. कागद देवापाशी सुरक्षितच होता. माझ्यापाशी नव्हता.

मायला आज सांगितले. ती भाकर थापत होती. थापतच राहिली. शेवटी म्हणाली, "सकाळी चांगला सदरा घाल."

१९ ऑक्टोबर, सोमवार. दसरा.

देवळाच्या पायरीवर बसून लिहितो. वही बरोबर आणली आहे, आता ती मडक्यात ठेवण्याचे किंवा नावे अर्धी लिहिण्याचे कारण नाही.

ऊन चांगले चढले. लोक आपट्याच्या फांद्या घेऊन पारापर्यंत येतात आणि तेथेच उभे राहतात. पायरी कोणी चढत नाही. पाटील आले, फेटा बांधून, तेही पाराशी. यादव खांबाला टेकून बसला आहे, उजवा हात गळ्यात बांधलेला. आबा माझ्या शेजारी, चांगला कान माझ्या बाजूला करून.

वर 'श्रीमहादेव प्रसन्न' लिहिले. खाली पहिल्या ओळीत माझे नाव, त्यापुढे बापाचे. दोनदा तपासले. शाई वाळेपर्यंत कागद हलवला नाही.

आबांनी टाकाचा आवाज ऐकला. "काय लिहून राह्यला? कोनीच त आलं नाही अजून."

मारोती लोहार पाराकडून निघाला आहे. फांदी नाही हातात. पहिल्या पायरीशी थांबला. त्याला अक्षरे लावून वाचता येतात, आणि तो कागदाकडेच पाहत आहे.

आबा म्हणतात, "पैलं नाव कोनाचं? मोठ्यानं वाच, पुंड्या. यादवाले ऐकू गेलं पायजे."